तेलाचा घरगुती दिवा पेटतो झकास, पण पंधरा-वीस मिनिटांत मिणमिणून विझतो: नेमकं काय बिघडतं

काचेची बरणी, झाकणाला भोक, भोकातून ओवलेली सुती वात आणि आत खायचं तेल, एवढंच सामान. पेटवला की सुरुवातीला मस्त जळतो, मग ज्योत हळूहळू बारीक होते, वातीचं टोक निखाऱ्यासारखं लाल दिसायला लागतं, थोडा धूर येतो आणि दिवा गेला. परत काडी लावायची, परत तेच, फक्त दर वेळी आधीपेक्षा लवकर. बरणीत तेल अर्ध्याहून जास्त शिल्लक दिसतं, म्हणून पहिला संशय तेलावर जातो, मग तेल बदलून बघतात, मग वात जाड करतात, मग दोन वाती एकत्र वळतात, आणि दिवा काही सुधारत नाही.

बहुतेक वेळा तेल बरोबर असतं आणि वातही बरोबर असते. चुकलेलं असतं ते मधलं अंतर. तेलाची पातळी कुठे आहे आणि ज्योत कुठे आहे, मध्ये वातीला किती उभं चढायला लागतंय, हे आधी पट्टी लावून मोजा आणि मगच बाकीच्या गोष्टींना हात लावा.

वात जळण्यासाठी नसतेच खरं तर, ती तेल वर नेण्यासाठी असते. धाग्यांमधल्या बारीक फटींतून तेल केशाकर्षणाने वर सरकतं, टोकाला पोचल्यावर ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. जोपर्यंत तेल पोचतंय तोपर्यंत कापूस जवळजवळ जळत नाही, कारण तेल त्याला गार ठेवतं. पुरवठा कमी पडला की मग कापूस स्वतः जळायला लागतो, टोकाचा कोळसा होतो, कोळशातून तेल नीट चढत नाही, म्हणजे पुरवठा आणखी कमी. म्हणूनच प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर विझतो.

आता खायच्या तेलाचा स्वभाव बघा. सूर्यफूल, शेंगदाणा, ऑलिव्ह वगैरे तेलं नेहमीच्या तापमानाला पाण्याच्या पन्नासेक पट किंवा त्याहूनही जास्त चिकट असतात, आणि रॉकेल जेमतेम पाण्याच्या दुपटीच्या आसपास. त्यामुळे कंदिलात टाकी खाली आणि ज्योत वितभर वर असली तरी चालतं, रॉकेल तेवढं चढतं. खायचं तेल मात्र एक-दोन सेंटीमीटर खुशीत चढतं, तीन-चार सेंटीमीटरला दमतं आणि त्यापुढे ज्योतीला पुरेल एवढं पोचतच नाही. लोक कंदिलाचा आकार डोक्यात ठेवून बरणीचा दिवा बनवतात आणि त्यात खायचं तेल भरतात, तिथेच गडबड होते.

हा प्रॉब्लेम आपल्याला नवा वाटतो, पण जुनाच आहे. १८०० साली कार्सेल नावाच्या फ्रेंच घड्याळजीने दिव्याच्या बुडाशी चावीचं यंत्र बसवलं, त्याने छोटा पंप चालायचा आणि तेल वर ज्योतीपर्यंत ढकललं जायचं. का, तर तेव्हाचं बियांचं दाट तेल वातीतून तेवढं चढत नव्हतं. १८५० नंतर रॉकेल आलं आणि असल्या खटाटोपाची गरजच उरली नाही. आपण २०० वर्षांनी परत बियांचंच तेल वापरतोय, तर पंप लावा नाहीतर ज्योत खाली आणा, दुसरं सोपं आहे.

मग सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं चांगला का जळतो? कारण पेटवण्याआधी आपण वात तेलात बुडवून घेतो. आधीच शोषलेलं तेल जळत असतं, खालून काही येत असतंच असं नाही. त्यामुळे दहा मिनिटं जळला म्हणजे दिवा जमला असं समजू नका. खरी परीक्षा तासाभराची, आणि तीही घरी, कॅम्पिंगला निघायच्या आधी.

कन्फर्म करायचं असेल तर दिवा मिणमिणायला लागला की विझवा, थोडा निवू द्या आणि तेल झाकणाच्या अगदी जवळपर्यंत भरा. वातीचं जळकं टोक कात्रीने कापून थोडी वर सारा आणि परत पेटवा. आता तो तासभर नीट जळला तर निदान पक्कं, अंतरच. पूर्ण भरूनही तसाच मिणमिणत असेल तर वात चोंदलेली आहे, भोक आवळलंय, किंवा हवेचा मार्ग बंद आहे, त्याकडे पुढे येतो.

अंतराचा इलाज करायचे बरेच मार्ग आहेत, मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो म्हणजे उंच बरणी सोडून देणं. पसरट, बसकं भांडं घ्या, ज्याचं तोंड त्याच्या खोलीपेक्षा रुंद आहे. पणती हजारो वर्षं चालली ती याच कारणाने, तिच्यात तेल आणि ज्योत यांच्यात बोटभरसुद्धा अंतर नसतं. कॅम्पिंगसाठी चपटा पत्र्याचा डबा झकास, फुटायची भीती नाही.

बरणीच वापरायची असेल तर ज्योत झाकणावर न ठेवता बरणीच्या आत, तेलाच्या जरा वर ठेवा. त्यासाठी तांब्याची किंवा साधी लोखंडी तार घ्या, तिला पेन्सिलीवर पाच-सहा वेढे देऊन स्प्रिंगसारखी नळी करा आणि उरलेल्या तारेचा गोल पाय वाकवून तळाशी बसेल असा करा. वात त्या वेढ्यांमधून ओवायची, टोक वेढ्याच्या वर जेमतेम ४-५ मिलिमीटर. तारेचं एक टोक वर बरणीच्या काठाला आकड्यासारखं अडकवून ठेवलं की तेल उतरलं की दिवा विझवून तार आकड्याने बाहेर काढता येते आणि पाय थोडा वाकवून वात खाली घेता येते. तांब्याची तार असेल तर बोनस, ज्योतीची थोडी उष्णता तारेतून खाली तेलात जाते, तेल कोमट होतं आणि कोमट तेल पातळ होऊन जास्त चढतं. जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत तार मात्र वापरू नका. जस्त ४२० अंशाच्या आसपास वितळतं, ज्योतीजवळ त्याचा मुलामा जळतो आणि तो धूर श्वासात घ्यायचा नसतो.

आतल्या ज्योतीचा एक तोटा आहे, बरणी खोल आणि अरुंद असेल तर खाली ताजी हवा पोचत नाही. तेल भरपूर, वात नवी, आणि तरी ज्योत पिवळी-लाल होऊन काजळी सोडत विझते, पण बाहेर काढली की टुणटुणीत जळते, असं दिसलं की हवेचाच प्रश्न. बुटकी आणि रुंद तोंडाची बरणी घ्या, दुसरा उपाय नाही.

तिसरा मार्ग तरंगत्या वातीचा. बुचाची अर्धा सेंटीमीटर जाड चकती कापा, वरून अॅल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन पदर गुंडाळा, मधोमध दाभणाने भोक पाडून दोन-अडीच सेंटीमीटरची वात ओवा. तेल उतरेल तशी चकतीही उतरते, अंतर कायम तेवढंच, म्हणजे मूळ दुखणंच गेलं. यात बिघडतं ते चकती कलते म्हणून. एका बाजूला जड झाली की वात तेलात बुडते आणि ज्योत चरचरून जाते, तेव्हा भोक नेमकं मधोमध हवं आणि फॉइल सगळीकडे सारखी. आणि तेल तळाला टेकायच्या आत विझवायचा, नाहीतर चकती बुडाला बसते आणि बूचच पेटतं.

घाईच्या वेळी, लाइट गेलीय आणि हाताशी उंच बरणीच आहे, तेव्हा तळाशी स्वच्छ, पूर्ण कोरडे खडे भरून तेलाची पातळी वर आणा. थोड्या तेलात बरणी भरलेली राहते. काही जण खड्यांऐवजी पाणी ओततात, तेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे तेही चालतं आणि तेल संपलं की वात पाण्याला लागून दिवा आपोआप विझतो. पण वातीचं खालचं टोक पाण्यात पोचलं तर वात पाणी ओढते आणि दिवा पहिल्यापासूनच तडतडतो. घरात एका जागी ठेवायच्या दिव्याला हे ठीक, सॅकमध्ये हलत जाणाऱ्या बरणीला अजिबात नाही, कारण हलून पाणी आणि तेल मिसळतं.

आता अंतर बरोबर आहे आणि तरी विझतोय, अशा केसेस. पहिल्यांदा झाकण बघा. घट्ट फिरकीचं झाकण आणि त्यात वातीने गच्च भरलेलं एकच भोक असेल तर आतलं तेल कमी होत जातं तशी आत पोकळी तयार होते, बाहेरची हवा आत येत नाही आणि तेल वर यायला अडतं. झाकण अर्धा आटा सैल करून बघा, दोन-तीन मिनिटांत ज्योत सुधारली तर हाच दोष. कडेला खिळ्याने दोन मिलिमीटरचं भोक पाडा, झालं. याच भोकाने उलटा दोषही जातो, म्हणजे दिवा तापला की आतली हवा फुगून तेल वातीच्या कडेने वर उमाळून येतं आणि झाकणावर पसरतं, काही जण त्याला वात गळते म्हणतात.

मग भोक बघा. वात भोकातून ओढताना दात-ओठ खायला लागत असतील तर ती तिथे आवळली गेलीय आणि धाग्यांमधल्या फटी मिटल्यात. वात बोटाने सहज वर-खाली सरकली पाहिजे, पण स्वतःच्या वजनाने आत पडता कामा नये. फार घट्ट पीळ दिलेल्या वातीचंही हेच. वात जाड केली की जास्त तेल येईल हा हिशेब पूर्ण बरोबर नाही, जाड वातीची ज्योतही मोठी होते आणि ती तेलही जास्त मागते, म्हणजे चढणीचा प्रश्न तसाच राहतो आणि वर धूर वाढतो.

वातीचं कापड खरंच सुती आहे का हे तर नक्की तपासा. बुटाची लेस, नाड्या, दोऱ्या यात पॉलिस्टर किंवा नायलॉन सर्रास असतं. एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मागे भुसभुशीत राख राहते, बोटाने चुरली जाते. सिंथेटिक आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. हा मणी म्हणजे वातीच्या तोंडाला लावलेलं बूच, त्यातून तेल काय येणार. मिश्र कापडाची वात जास्त फसवी, ती थोडा वेळ जळते आणि मग गचके देते. जुन्या शंभर टक्के सुती बनियनची पट्टी सैलसर वळली की उत्तम वात होते. फायबरग्लासची वात मिळाली तर ती जळून जात नाही, फक्त काजळी झाडावी लागते, पण अंतराचा नियम तिलाही तोच.

वात मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवली की जास्त टिकते असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. तेलात मीठ विरघळत नाही, ते धाग्यांमध्ये आणि टोकावर कण होऊन बसतं, मला तरी दाट तेलाच्या वातीत मुद्दाम आणखी अडथळा घालण्यात अर्थ दिसत नाही.

धुराबद्दल थोडक्यात. ज्योत लांब, टोक लालसर, वर काळी रेघ उठतेय आणि बरणीच्या काचेवर काजळी, याचा अर्थ वात जास्त बाहेर आहे. तेलाची वाफ जास्त, हवा कमी, उरलेला कार्बन काजळी म्हणून बाहेर. तीन ते पाच मिलिमीटरपेक्षा जास्त टोक बाहेर ठेवू नका, धूर लगेच कमी होतो. टोकाला कोळशाचं बोंड धरलं असेल तर दिवा विझवून, निवल्यावर कापा, जळत्या वातीशी कात्री खेळू नका. मोठी ज्योतही हवी आणि धूरही नको असेल तर ज्योतीच्या आतूनसुद्धा हवा द्यावी लागते, १७८० साली आर्गांड नावाच्या स्विस संशोधकाने पोकळ गोल वात आणि वरून काच लावून नेमकं हेच केलं होतं, पण सॅकमधल्या दिव्याला तो व्याप परवडत नाही. दोन छोटे दिवे लावा.

तेलाचा दोष कधी असतो? एक, तळणीचं वापरलेलं तेल, त्यातले बारीक कण वातीत जाऊन अडकतात आणि पुन्हा पुन्हा तापलेलं तेल मुळातच जास्त चिकट झालेलं असतं. कापडातून दोनदा गाळून घ्या, दिव्याला चालतं, पण वात लवकर बदलावी लागेल. दोन, खोबरेल. घरात मस्त, पण ते २४ अंशाच्या आसपास गोठतं, थंडीच्या रात्री बाहेर काढलं की बरणीत पांढरा दगड. तीन, जवसाचं तेल, ते हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं म्हणून वात लवकर चोंदते, शिवाय त्यात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेटूही शकतात, तेव्हा ते नकोच. एरंडेल सगळ्यात चिकट, त्याला तर बसकं भांडंच लागतं. थंडीत कुठलंही तेल जास्त दाट होतं, घरी नीट चालणारा दिवा बाहेर रुसतो तो त्यामुळे. बाटली थोडा वेळ जॅकेटच्या आत ठेवा किंवा कोमट पाण्यात उभी करा, आणि मग ओता.

वात तडतडतेय, ठिणग्या उडतायत, तर तेलात पाणी आहे. पावसात उघडी राहिलेली बरणी, नीट न वाळवलेली बाटली, ओले खडे, यांपैकी काहीतरी. पाणी तळाशी बसतं, वरचं तेल हळूच दुसऱ्या कोरड्या भांड्यात ओतून घ्या, खालचं सोडून द्या, वात नवी घाला.

एक तक्रार ज्योतीशी संबंधित नाही पण वारंवार येते, सकाळी बघावं तर दिव्याखाली तेलाचं तळं आणि भांडं अर्धं रिकामं. वात काठावरून बाहेर लोंबत असेल आणि तिचं बाहेरचं टोक आतल्या तेलाच्या पातळीच्या खाली असेल तर वात सायफनसारखं काम करते, दिवा विझलेला असला तरी रात्रभर थेंब थेंब बाहेर काढते. टोक पातळीच्या वर ठेवा किंवा विझवल्यावर वात आत ओढून घ्या.

हे सगळं वाचून कोणाच्या तरी डोक्यात येणारच की तेल दाट आहे ना, मग त्यात थोडं रॉकेल मिसळून पातळ करू. नको. खायच्या तेलाची वाफ पेटण्याइतकी व्हायला ते ३०० अंशाच्या आसपास तापावं लागतं, बरणी कलंडली तर सांडलेल्या थंड तेलावर पडलेली वात बहुतेक विझूनच जाते. रॉकेलचा हा आकडा ३८ अंशांपासून सुरू होतो, म्हणजे तापलेल्या बरणीत तो सहज गाठला जाईल. खायच्या तेलाचा दिवा सुरक्षित आहे तो या एका गुणामुळे आणि मिसळून तुम्ही तोच घालवता. पेट्रोल, थिनर, स्पिरिट, सॅनिटायझर यांचा तर विचारही नको, पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपाससुद्धा पेट घेते आणि स्पिरिटची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही.

तंबूत दिवा नाही, कितीही थंडी असली आणि कितीही छोटी ज्योत असली तरी. कापड नायलॉन-पॉलिस्टरचं असतं, ते वितळून अंगावर येतं, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो त्याला ना रंग ना वास. बाहेर दगडावर ठेवा, वाऱ्याच्या बाजूने पत्र्याचा आडोसा करा. पत्र्याची चकचकीत बाजू ज्योतीकडे केली की उजेडही एकाच बाजूला पडतो, आणि तो लागतोच, कारण एका छोट्या वातीचा उजेड साधारण एका मेणबत्तीएवढा, म्हणजे जेमतेम १२-१३ ल्युमेन. स्वयंपाकाला, सामान शोधायला पुरे, वाचायला नाही. ज्यांना दिवा विझत नाहीये पण उजेड कमी वाटतोय त्यांचा दिवा बिघडलेला नाही, अपेक्षा टॉर्चची आहे. तेल तासाला साधारण ८-९ मिलिलिटर जातं, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये दहा-बारा तास सहज, याच्या दुप्पट वेगाने संपत असेल तर वात जाड आहे किंवा कुठून तरी पाझरतंय.

मालवताना फुंकर मारू नका, गरम तेलाचे थेंब उडतात. वरून धातूचं झाकण किंवा वाटी उपडी ठेवा. भांड्यातलं सगळं तेलच पेटलं असेल तरी झाकणच, पाणी कधीच नाही, पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल सगळीकडे उडतं.

सॅकमध्ये नेताना तेल वेगळ्या, आट्याच्या झाकणाच्या बाटलीत न्या, भोकाचं झाकण आणि तार वेगळी, आणि दोन-तीन सुक्या वाती छोट्या पिशवीत. तिथे पोचल्यावर तेल भरलं की वात निदान दहा मिनिटं मुरू द्या, खालपासून वरपर्यंत ओली दिसली की मग काडी लावा.